जुन्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट परत बसवताना: क्रॉस, खुणा आणि पन्नाशीनंतरची थरथर

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६७ची सीजे-३बी जीप आहे. आजोबांनी घेतलेली. उंच बॉनेट, हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअर. भडगाव तालुक्यातल्या मळ्यात तिने बियाणं, खत, कपाशीची गाठोडी, अडल्यानडल्याला दवाखान्यात न्यायची माणसं, सगळं वाहिलं. मधली बरीच वर्षं ती गोठ्याच्या बाजूला उभीच होती. वडील निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि मी तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. अडलंय ते मागच्या प्रोपेलर शाफ्टपाशी, म्हणजे ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीपाशी.

आधी क्लच सोडला की खालून 'टण्' असा खटका यायचा आणि बांधावरून हळू चालवली की चीं-चीं आवाज. खाली शिरून पाहिलं तर क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या, अधिकच्या चिन्हासारख्या सांध्याच्या) कपांभोवती विटकरी रंगाची भुकटी जमलेली. शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवला की योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) कानात क्रॉस हललेला डोळ्यांना दिसायचा. म्हणजे कपांतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून झिजल्या, इथवर आम्हाला कळलं.

शहरातल्या एका गॅरेजात दोन्ही क्रॉस नवे टाकून घेतले. मागचे पाटे खचले होते, तेही त्याच खेपेला एक पान वाढवून उचलून घेतले. खटका गेला, चीं-चीं गेली. पण आता ताशी ४५च्या पुढे गाडी थरथरायला लागते. ५५ला आरशात मागचं काही दिसत नाही आणि गिअरचा दांडा हातात झिणझिणतो. गिअर कोणताही असो, वेग तोच. क्लच दाबून न्यूट्रलमध्ये सोडली तरी थरथर तशीच राहते. चाकं बॅलन्स करून घेतली, टायर नवे आहेत.

गॅरेजमध्ये सांगितलं, एवढ्या जुन्या गाडीला एवढं चालायचंच. वडिलांना हे अजिबात पटलेलं नाही. याच जीपने ते चाळीसगाव-धुळे रस्त्यावर साठच्या वेगाने जायचे आणि तेव्हा आरसा स्थिर असायचा, असं ते सांगतात. माझाही त्यांच्यावर विश्वास आहे.

आखाजीला दोघी बहिणी माहेरी येतात. त्यांना याच जीपमधून पाटणादेवीला न्यायचं वडिलांच्या मनात आहे. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. गॅरेजात परत न नेता घरी करायची तयारी आहे. व्हाइस, इंची पाने, घोड्या सगळं आहे.

सातपुडा_फोरबायफोर

राम राम भाऊ. न्यूट्रलमध्येही थरथर राहते म्हणजे इंजिन आणि क्लच बाजूला ठेवा. वेगाशी बांधलेली आहे म्हणजे चाकं, एक्सल किंवा शाफ्ट. चाकं तुम्ही पाहिली. आता हे सांगा:

शाफ्ट सोडण्याआधी खुणा केल्या होत्या का? स्लिप जॉइंट, म्हणजे जिथे शाफ्ट दात्यांवर आतबाहेर सरकतो, तो वेगळा केला होता का? पुढच्या चाकांना फ्री व्हील हब आहेत की नाहीत?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की हब नसतील तर टू व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो. बरेच जण मागचाच शाफ्ट पुन्हा पुन्हा काढतात आणि दोष पुढच्यात निघतो. अर्ध्या तासाचं काम आहे, पुढचा शाफ्ट काढून ठेवा आणि एक चक्कर मारा. थरथर गेली तर दोष पुढच्यात. राहिली तर मागच्यात.

उलटही करता येतं. मागचा शाफ्ट काढून फोर व्हीलचा दांडा टाकला तर जीप नुसत्या पुढच्या चाकांवर चालते. सावकाश चालवा, पण निदान पक्कं होतं.

तापीकाठची

वाचतेय. आमच्याकडेही मामांची जीप अशीच उभी आहे, शिरपूरला. खूप उपयोगी धागा होणार हा, मधेच सोडू नका.

भुसावळचा_फिटर

गिरणाकाठ, तुमच्या वडिलांचं म्हणणं बरोबर आहे. शाफ्ट नीट जोडला असेल तर साठ वर्षांच्या जीपलाही साठच्या वेगात अशी थरथर असायचं कारण नाही. माझी नोकरी रेल्वेत फिटर म्हणून झाली, आता घरी छोटा लेथ आहे आणि आसपासच्या जुन्या गाड्यांचे शाफ्ट माझ्याकडे येतात. नवा क्रॉस टाकल्यावर थरथर सुरू झाली की क्रॉसचा दोष क्वचित निघतो. बहुतेक वेळा जोडणीचा निघतो. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

आधी जिवाची काळजी. तुमच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर, शाफ्टच्या ड्रमवर आहे. मागचा शाफ्ट सोडला की तो हँडब्रेक मागची चाकं धरत नाही, कितीही ओढा. सपाट जागा बघा, चारही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा आणि मगच खाली शिरा. हे न केल्याने उतारावर गाडी अंगावर आलेली मी पाहिली आहे.

मग खुणा. पिनियनचा (शाफ्ट जिथे मागच्या एक्सलला जोडतो त्या गिअरचा) योक आणि शाफ्ट यांवर समोरासमोर, ड्रमकडेही तशीच, आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर. नुसता पांढरा रंग लावू नका, डिझेलमध्ये धुतला की जातो. सेंटर पंचाने बारीक ठिपका मारा. जुन्या शाफ्टवर कारखान्याचे बाण असतात, एक नळीकडच्या भागावर आणि एक सरकत्या भागावर. मळ आणि रंगाच्या थरांखाली गडप झालेले असतात. तारेच्या ब्रशने घासा, सापडतील. ते बाण समोरासमोर यायलाच हवेत.

पिनियनकडचे यू बोल्ट काढले की दोन कप मोकळे होतात. लगेच त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळा. नाही तर कप निसटतो आणि सुया मातीत जातात.

व्हाइसमध्ये शाफ्ट धरायचा तो योकला धरायचा. नळीला कधीच नाही. नळी पत्र्याची पोकळ असते, जबड्यात दाबली की चेपते, आणि चेपलेली नळी बॅलन्स कधीच होत नाही. नळीवर छोटे पत्र्याचे तुकडे वेल्ड केलेले दिसतील, ती बॅलन्सची वजनं आहेत. 'कुणीतरी लावलेलं भंगार' समजून ती छिन्नीने उडवलेले शाफ्ट माझ्याकडे आलेले आहेत. त्यांना हात लावू नका.

लॉक, म्हणजे कप जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा, काढण्याआधी खाचेतला गंज टोकदार पिनने खरवडून काढा आणि तेल सोडा. लॉक निघाले की कप ढकलायला दोन गोट्या (सॉकेट) घ्या. एक कपापेक्षा किंचित लहान, ती ढकलायला. दुसरी कप आत मावेल एवढी मोठी, ती पलीकडून झेलायला. व्हाइस आवळत जा, एका बाजूचा कप आत जातो आणि समोरचा बाहेर येतो. योकच्या कानावर घण मारून कप काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कान एकदा आत दबला की दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कितीही भारी क्रॉस टाका, तो जाम फिरणार.

जुना क्रॉस धुऊन नखाने तपासा. चारही टोकांवर सुयांच्या रेघा नखाला लागत असतील तर तो गेला. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे योकची भोकं. नवा कप भोकात हाताच्या अंगठ्याने सरकन आत गेला तर भोक वाढलंय. तिथे पंचाचे ठिपके मारून कप घट्ट बसवतात, चार महिन्यांत परत सैल होतो. योकच बदला.

नवा क्रॉस घेताना दुकानात 'जीपचा द्या' एवढंच म्हणू नका. या गाड्यांचे शाफ्ट गेल्या साठ वर्षांत कुठून कुठून बदललेले असतात. व्हर्नियरने कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची बाहेरची लांबी मोजून न्या.

आता मुख्य गोष्ट. नव्या क्रॉसचे चारही कप काढा आणि प्रत्येक कपात सुया भिंतीला लागून सलग उभ्या आहेत का ते बघा. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी लांब असते एक सुई. ग्रीसचा पातळ थर द्या म्हणजे त्या जागेवर धरल्या जातात. पहिला कप योकच्या कानात बाहेरून थोडासा ढकला. लगेच क्रॉस त्या कपाकडे उचला, इतका की त्याचं टोक सुयांच्या आत शिरलेलं राहील. आता व्हाइस आवळताना क्रॉस तसाच उचलून धरा. हात सोडला, क्रॉस खाली आला, की एखादी सुई आडवी पडते आणि कपाच्या तळाशी जाऊन बसते. बाहेरून काही दिसत नाही. मग दुसरा कप समोरून, आणि तेव्हाही क्रॉस मध्ये आणून दोन्ही टोकं दोन्ही कपांत राहतील असं बघा.

सुई आडवी पडलीय का, हे कळायची खूण एकच. दोन्ही कप पूर्ण दाबल्यावर लॉकची खाच सगळी मोकळी दिसली पाहिजे. खाच अर्धी झाकलेली राहिली, लॉक बसता बसत नाही, तर तिथेच थांबा. आणखी आवळू नका, हातोडीही उचलू नका. कप बाहेर काढा, सुई उचला, पुन्हा सुरुवात करा. जबरदस्तीने दाबला तर कपाचा तळ तडकतो आणि तो तडकलेला कप नेमका हायवेवर निघतो.

लॉक बसला की तो खाचेत फिरवून बघा. फिरतो म्हणजे पूर्ण बसला. नंतर योकच्या कानाला बाहेरून लाकडी हातोडीने हलके टोले द्या, दाबलेले कप लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. चारही दिशांना सारख्या ताकदीने, न अडखळता फिरला पाहिजे.

ग्रीस निप्पल कोणत्या बाजूला येणार हे आधी ठरवा. शाफ्ट गाडीखाली चढल्यावर ग्रीस गन पोचलीच नाही तर तो क्रॉस परत कोरडा मरणार. दोन्ही क्रॉसचे निप्पल एका रेषेत ठेवले की बरं पडतं.

ग्रीस लिथियमचं, दोन नंबरचं, ईपी. चारही कपांच्या सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. तीन बाजूंनी आलं आणि चौथ्या बाजूने नाही आलं, तर शाफ्ट हलवून पुन्हा मारा. ती चौथी बाजूच पुढे झिजते.

शेवटी पिनियनचे यू बोल्ट. इथे सगळे ताकद दाखवतात. जास्त आवळले की कप लंबगोल होतो आणि सुया अडकतात. साधारण १५ फूट-पौंड पुरे, दोन्ही बाजू आळीपाळीने, नवे नट आणि स्प्रिंग वॉशर वापरून.

मोठं झालं लिहून, पण यातलं काही गाळावंसं वाटलं नाही.

गिरणाकाठ

फिटर आबा, मनापासून आभार. वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. हब नाहीत आमच्या जीपला. उद्या पुढचा शाफ्ट काढून चक्कर मारतो आणि नंतर मागचा उतरवतो.

यामिनी_धुळे

आबांनी खुणा आणि बाणांवर एवढा भर का दिला, त्यामागचं यंत्रशास्त्र थोडं सांगते. मी हेच शिकवते.

एक क्रॉस कोनात फिरत असेल तर त्याच्या दोन बाजू सारख्या वेगाने फिरत नाहीत. ट्रान्सफर केसकडची बाजू एकसारखी फिरते, पण शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा किंचित मागे रेंगाळतो. हा फरक कोनावर अवलंबून आहे. ५ अंशांना तो अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, १० अंशांना साधारण दीड टक्का. म्हणजे कोन दुप्पट झाला की हेलकावा जवळपास चौपट. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या जोडाचा अभ्यास केला होता. म्हणून त्याला हूकचा जॉइंट म्हणतात, आणि त्याच्या आधीच्या कार्डानोच्या नावावरून कार्डन शाफ्ट. मोटारीसाठी बंदिस्त, वंगण आत राहणारा जोड क्लेरन्स स्पायसरने केला. त्याचं पेटंट १९०३चं. आपल्या जीपच्या शाफ्टवर, ट्रान्सफर केसवर त्याचंच नाव असतं.

आता दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचं काम हा हेलकावा उलटा करून पुसून टाकणं. त्यासाठी दोन अटी. पहिली: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत, म्हणजे शाफ्ट जमिनीवर ठेवला तर दोघांचे कान सारखे आडवे. दुसरी: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, म्हणजे ट्रान्सफर केसचा बाहेरचा दांडा आणि पिनियनचा दांडा एकमेकांना समांतर.

स्लिप जॉइंट एक दात जरी फिरून बसला तरी पहिली अट मोडते. योक बरोबर काटकोनात गेले तर दोन्ही हेलकावे पुसले न जाता एकमेकांत मिसळतात.

वेगाचं गणितही मांडते. ६.००-१६चा टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या जरा पुढे जातो. सीजे-३बीच्या एक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट मिनिटाला २३००-२४०० फेरे घेतो, आणि हेलकावे त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ऐंशीच्या आसपास. तुमच्या गिअरच्या दांड्यात येणारी झिणझिण ती हीच असावी. चाकाचा दोष असता तर एवढी बारीक झिणझिण आली नसती, सेकंदाला सात-आठ ठोके जाणवले असते, स्टिअरिंग किंवा सीट हलली असती.

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की पाट्यांना एक पान वाढवलं. त्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. दुसरी अट तिथे मोडलेली असू शकते.

सातपुडा_फोरबायफोर

ताई, अगदी बरोबर, पाट्याचं माझ्याही नजरेतून सुटलं. जीपचा मागचा शाफ्ट मुळात आखूड, त्यामुळे गाडी थोडी उचलली तरी कोन झपकन वाढतो. कमान वाढली की शॅकल (पाट्याचं टोक टांगणारी पट्टी) सरकते आणि एक्सलचं हौसिंगही थोडं फिरतं, पिनियनचं तोंड खाली किंवा वर जातं. तोरणमाळच्या बाजूला ओझ्यासाठी पाटे उचललेल्या जीप रिकाम्या धावताना हमखास थरथरतात. ओझं टाकलं की गप्प बसतात, कारण पाटे दबून कोन जागेवर येतो. गिरणाकाठ, मागे चार जणांना बसवून चालवून बघा.

रावेरकर

जरा बाजूचं आहे पण सांगतो. आमच्याकडे केळीच्या बागेत जीप जाते. ठिबकची जुनी उपनळी चाकाने उचलली जाते आणि शाफ्टवर गुंडाळत जाते. नळीच्या आडून केळीचे धागे पिनियनच्या सीलपाशी आणि क्रॉसच्या कपाखाली शिरतात, ग्रीसचं सील फाडतात. आमचा क्रॉस असाच कोरडा पडला. बागेतून बाहेर आलं की खाली एक नजर टाकायची सवय ठेवा, गुंडाळलेलं दिसलं तर सुरीने कापून काढा, ओढू नका. काळ्या मातीचा चिखल वाळून शाफ्टवर थापला गेला तरी थरथर येते. तुमची जीप शेतात जाते म्हणून लिहिलं.

गिरणाकाठ

सविस्तर सांगतो, सगळ्यांच्या उत्तरांचा उपयोग झाला.

पुढचा शाफ्ट काढून चक्कर मारली, थरथर तशीच. म्हणजे दोष मागचाच. चुलतभावाला आणि त्याच्या मित्रांना मागे बसवलं तर थरथर बरीच कमी झाली पण गेली नाही. म्हणजे यामिनीताईंच्या दोन्ही अटी मोडल्या असाव्यात असं वाटलं, आणि तसंच निघालं.

मागचा शाफ्ट उतरवला, ओसरीवर ठेवला. दोन्ही योकचे कान एका पातळीत नव्हते, हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं. स्लिप जॉइंट तारेच्या ब्रशने घासल्यावर सरकत्या भागावरचा बाण लगेच सापडला. नळीकडचा बाण काही केल्या दिसेना. वडिलांनी रॉकेलची चिंधी फिरवली आणि बॅटरी तिरपी धरली, तेव्हा रंगाच्या तीन थरांखाली त्याचं टोक उमटलं. दोन्ही बाणांत एका दाताचा फरक. स्लिप जॉइंट ओढून वेगळा केला, दाते धुतले, झीज फारशी नाही. ग्रीस लावून बाण समोरासमोर आणून बसवला. टोकाच्या झाकणातला बुचाचा वॉशर कुजला होता, तो नवा टाकला.

क्रॉसही तपासले. ड्रमकडचा चारही दिशांना छान फिरत होता. पिनियनकडचा एका दिशेला जड. आबांनी सांगितल्याप्रमाणे लॉकची खाच पाहिली तर एका बाजूला लॉक खाचेत पूर्ण नव्हता, वर तरंगत होता. कप काढला आणि आत तळाशी एक सुई आडवी. कपाच्या तळावर तिचा ठसा उमटलेला. तो क्रॉस ठेवला नाही, व्हर्नियरने मोजून जळगावहून नवा आणला. या वेळी व्हाइस वडिलांनी आवळला आणि क्रॉस मी धरला. लॉक हाताने फिरतोय हे बघूनच पुढे गेलो.

नंतर कोन. फोनमधलं लेव्हल वापरलं, गाडी सपाट ओट्यावर चाकांवर उभी ठेवून. ड्रमच्या सपाट तोंडावर एकदा आणि पिनियनच्या योकवर एकदा. दोन्हींत साडेतीन अंशांचा फरक, पिनियनचं तोंड खाली.

आता प्रश्न असा की पाटा आणि हौसिंगच्या मध्ये पाचर टाकावी, की वाढवलेलं पान काढून टाकावं?

सातपुडा_फोरबायफोर

पाचर टाका. साडेतीन अंशांची तयार मिळते, लोखंडाची घ्या, ॲल्युमिनियमची तडकते. मधला बोल्ट लांब लागेल. पान काढलं तर ओझ्याला गाडी परत बसेल.

भुसावळचा_फिटर

मी पान काढा म्हणेन. पाचरेने दोन्ही कोन सारखे होतील, पण दोन्ही मोठेच राहतील, आणि मोठ्या कोनात क्रॉसचं आयुष्य कमी होतं. ही जीप आता खताच्या गोण्या वाहणार नाही, बहिणींना पाटणादेवीला नेणार आहे. कारखान्याने जेवढी पानं दिली तेवढीच ठेवा. खचलेली पानं भट्टीत नीट कमान देऊन, पाणी देऊन आणा. चांगला लोहार असेल तर तो मूळ कमानीचा साचा धरूनच करतो.

यामिनी_धुळे

आबांशी सहमत. पाचर हा उपाय बरोबरच आहे, ज्यांना गाडी उंच ठेवावीच लागते त्यांच्यासाठी. गिरणाकाठ यांना ती गरज दिसत नाही.

गिरणाकाठ

वडिलांनी आबांचं मानलं. वाढवलेलं पान काढलं, बाकीच्या पानांना कमान देऊन घेतली. फरक आता अर्ध्या अंशाच्या आत आहे. शाफ्ट चढवला, सगळ्या खुणा जुळवल्या, यू बोल्ट टॉर्क पान्याने १५वर आवळले, दोन्ही क्रॉस आणि स्लिप जॉइंटला ग्रीस मारलं.

काल पहाटे रस्ता मोकळा असताना पाचोऱ्यापर्यंत जाऊन आलो. पन्नास, पंचावन्न, साठ. आरशात मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीचा नंबर वाचता येत होता. वडील गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते. काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर चहा घेत आईला सगळा प्रवास सांगत होते.

एक बारीक घरघर आहे, थर्डमध्ये, सगळ्या वेगांना. ती शाफ्टची का?

भुसावळचा_फिटर

नाही. या जीपमध्ये मागच्या चाकांची ताकदही ट्रान्सफर केसच्या गिअरांतूनच जाते, त्यामुळे टू व्हीलमध्येही थोडी घरघर असतेच. तेल पुरेसं आहे ना एवढं बघा. वेगाबरोबर एकसारखी चढते-उतरते आणि दांड्यात झिणझिण नाही, तर ठीक आहे.

फार छान काम केलंत दोघांनी.

तापीकाठची

खूप आनंद झाला वाचून. माझा एक प्रश्न: मामांच्या जीपचा शाफ्ट बॅलन्स करायचाय, नळी एका ठिकाणी चेपलीय. आमच्या भागात शाफ्ट बॅलन्सिंग कुठे होत नाही. घरी काही करता येतं का? आणि ५० वर्षांपुढच्या गाडीची विंटेज नोंदणी करावी का?

सातपुडा_फोरबायफोर

चेपलेल्या नळीला घरी उपाय नाही. नळी बदलायला लागेल, लेथवर सरळ धरून वेल्ड करणारा माणूसच शोधा, योकची पातळी त्याला आधी सांगा.

चेपलेली नसेल आणि किरकोळ थरथर असेल तर रबरी होजच्या दोन जुबिली क्लिपा नळीवर पिनियनच्या बाजूला लावा. दोघींची स्क्रूची डोकी एकत्र ठेवून नळीभोवती थोडी थोडी फिरवत चालवून बघा. जिथे थरथर सगळ्यात कमी तिथे थांबा, मग डोकी एकमेकांपासून थोडी दूर सरकवत बारीक जुळवणी करा. जुनी युक्ती आहे, चालते.

विंटेज नोंदणीचं: २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि १० वर्षांनी पुन्हा करायला ५,००० रुपये शुल्क आहे. पण अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक कामाला रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच. तुम्हाला शेतात-गावात फिरवायची असेल तर दर पाच वर्षांनी होणारं साध्या नोंदणीचं नूतनीकरणच बरं.

रावेरकर

गिरणाकाठ भाऊ, पुढचा शाफ्ट परत चढवला का? त्याचेही क्रॉस बघून घ्या, हब नाहीत म्हणता तर तोही तितकाच फिरलेला असणार.

गिरणाकाठ

चढवला. त्याचे क्रॉस चांगले निघाले, फक्त ग्रीस पार वाळून काळं पडलं होतं. चारही सीलमधून ताजं ग्रीस येईपर्यंत मारलं, बाण जुळलेलेच होते. आता हजार-दीड हजार किलोमीटरला दोन्ही शाफ्टना ग्रीस, आणि नदीनाल्याच्या पाण्यातून गेलो तर त्याच दिवशी, असं डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय. पाटणादेवीहून आलो की खालून पुन्हा एकदा यू बोल्ट तपासतो आणि इथे कळवतो.